मधल्या व्हेरियंटच्या सात आसनी एसयूव्हीत ध्वनियंत्रणा सुधारायची आहे: सुरुवात कुठून करावी?

मंद्रसप्तक (कोथरूड)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही सात आसनी डिझेल एसयूव्ही घेतली. व्हेरियंट मधला आहे. म्हणजे टचस्क्रीन, मागचा कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणे आहेत, परंतु वरच्या व्हेरियंटमध्ये नामांकित कंपनीची जी ध्वनियंत्रणा मिळते ती नाही. चार दारांत चार स्पीकर आणि डॅशबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन छोटे ट्वीटर (उंच स्वरांचे स्पीकर), एवढाच सरंजाम आहे.

तक्रार नेमकी सांगतो. कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभे असताना आवाज बरा वाटतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर गाडीने वेग घेतला की मात्र तबल्यातील डग्गा जवळजवळ ऐकू येईनासा होतो, आणि त्याची भरपाई म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्या डाव्या दाराचे प्लास्टिक झणझणू लागते व गाणाऱ्याचा स्वर चिरका होतो. आमच्या घरी ऐकणे प्रामुख्याने ख्याल आणि नाट्यसंगीताचे आहे. मुलांची गाणी वेगळी, पण त्यांची काही तक्रार नाही.

नाना पेठेत दोन ठिकाणी चौकशी केली. एका दुकानदाराचे म्हणणे असे की चारही स्पीकर बदला, बाकी काही लागत नाही. दुसऱ्याने नवा अँड्रॉइड स्क्रीन, खोक्यावर ‘४००० वॅट’ असे छापलेला ॲम्प्लिफायर आणि डिकीत १२ इंची सबवूफर (केवळ खर्जासाठीचा मोठा स्पीकर) असे पॅकेज सुचवले. बाणेरच्या एका स्टुडिओत डीएसपीशिवाय (आवाजाची डिजिटल जुळणी करणाऱ्या यंत्राशिवाय) काहीच करू नका, असे सांगण्यात आले. तिघेही आपापल्या जागी ठाम होते, त्यामुळे माझा गोंधळ वाढला.

माझी मर्यादा साधारण ४५ हजार रुपयांची आहे. स्क्रीन बदलायचा नाही, कंपनीची वायर शक्यतो कापायची नाही आणि तिसरी रांग वापरात असल्याने डिकीत खोका ठेवता येणार नाही. मधल्या रांगेत आई-बाबा बसतात, त्यांना धमधमाट सहन होत नाही. अशा स्थितीत पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत, आणि केवळ स्पीकर बदलून खरोखर फरक पडतो का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ध्वनिवेध (सहकारनगर)

आपण तक्रार इतकी नेमकी मांडली आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे. डग्गा हरवणे, दार झणझणणे आणि स्वर चिरका होणे ही तीन लक्षणे वेगवेगळ्या कारणांची आहेत, म्हणून एकाच खरेदीने ती तिन्ही जाणार नाहीत.

प्रथम दार. घरातील स्पीकरला लाकडी पेटी असते. गाडीत दार हीच स्पीकरची पेटी असते, आणि ती अत्यंत वाईट पेटी आहे. बाहेरचा पत्रा पातळ, आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोके आणि त्यावर प्लास्टिकचा एक पापुद्रा. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागच्या बाजूला उलट दाबाची लहर तयार होते. ती या भोकांतून पुढे येऊन समोरच्या लहरीला मारक ठरते, आणि हे सर्वाधिक घडते ते खालच्या स्वरांत, म्हणजे नेमके डग्ग्याच्या पट्ट्यात. त्यामुळे दार तसेच ठेवून महागडा स्पीकर बसवला तरी खर्ज फारसा वाढत नाही, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

त्यासाठी ब्युटाइल रबरची, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली साधारण २ मिलिमीटर जाडीची डॅम्पिंग शीट घ्यावी. बाहेरच्या पत्र्याला आतून ती सर्वत्र चिकटवण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांचा तिसरा ते अर्धा हिस्सा झाकला तरी पत्र्याचा कंप बहुतांशी बसतो. हाताच्या बोटाने पत्रा आधी आणि नंतर ठोकून पाहावा: आधी ‘टण’ असा लांबणारा आवाज येतो, नंतर ‘ठप’ असा आखूड येतो. आतल्या पत्र्याची भोके मात्र पूर्ण बंद करावीत. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत. काचेच्या कडेने पावसाचे पाणी दारात उतरतच असते, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये ते आत साचले तर पत्रा गंजायला वेळ लागणार नाही. गच्चीच्या गळतीसाठी मिळणारी स्वस्त डांबरी पट्टी कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्यावा. एप्रिलच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत ती मऊ पडते, सरकते आणि आठवडेच्या आठवडे वास देते.

दुसरी गोष्ट स्पीकरची. फक्त पुढची जोडी बदलावी, आणि ती कंपोनंट प्रकारची घ्यावी, म्हणजे खालच्या व मधल्या स्वरांचा ६.५ इंची वूफर दारात, ट्वीटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यातील मूळ जागी आणि दोघांच्या मध्ये स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हर. मागचे स्पीकर जसे आहेत तसे राहू द्यावेत. गाणे समोरून यावे ही आपली अपेक्षा असते, मैफिलीत कोणी गवयाकडे पाठ करून बसत नाही. मागच्या जोडीवर खर्च केलेले पैसे मागच्या प्रवाशांनाही फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्या गुडघ्याशी वाजणारा स्पीकर त्यांच्या कानापर्यंत नीट पोहोचतच नाही.

खरेदी करताना खोक्यावरील ‘मॅक्स’ वॅटकडे पाहू नये. आरएमएस वॅट (सतत पेलता येणारी शक्ती) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा वाजतो) हे दोन आकडे पाहावेत. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असलेला स्पीकर तेवढ्याच शक्तीवर असा वाजतो, जणू ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली आहे. आज ना उद्या ॲम्प्लिफायर लावणार असाल तर हा आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण काही महिने केवळ कंपनीच्या डेकवर, म्हणजे टचस्क्रीनच्या मूळ यंत्रावर, काढणार असाल तर ९० डेसिबलच्या पुढचा स्पीकर निवडावा. मॅग्नेटची खोली आधी मोजून घ्यावी. काच पूर्ण खाली केल्यावर मॅग्नेटला लागता कामा नये. स्पेसर रिंग लागलीच तर ती प्लास्टिकची असावी, कारण साध्या एमडीएफची रिंग दोन पावसाळ्यांत फुगते.

तिसरी गोष्ट म्हणजे चिरकेपणा. तो बहुधा स्पीकरचा नसून डेकची ताकद संपल्याचा आवाज आहे. डेकवर ‘५० वॅट × ४’ लिहिलेले असते, त्याचा उगम साध्या गणितात आहे. गाडी चालू असताना सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागले की ५२ येतात. पण हा हिशेब चौकोनी लहरीचा, म्हणजे पूर्ण विकृत आवाजाचा झाला. स्वच्छ लहरीसाठी तो निम्मा होतो, आणि सर्किटमधील घट वजा जाता हाती १८ ते २० वॅट उरतात. द्रुतगती मार्गावरच्या गोंगाटावर मात करायला तेवढे पुरत नाहीत, म्हणून तानेचे टोक डेक छाटून टाकतो आणि आपल्याला ते चिरके ऐकू येते.

‘४००० वॅट’च्या ॲम्प्लिफायरबद्दल एवढेच सांगतो की तितकी शक्ती खरोखर द्यायची तर १४ व्होल्टवर जवळजवळ ३०० अँपिअर लागतील, आणि तो डबा ३० अँपिअरच्या फ्युजवर विकला जात असेल तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही. सीईए-२००६ या मापनपद्धतीने मोजलेले वॅट दिलेले असतील तर त्यावर विश्वास ठेवता येतो.

म्हणून माझा क्रम असा: पुढच्या दोन दारांचे डॅम्पिंग, पुढचे कंपोनंट, मग चार चॅनेलचा माफक ॲम्प्लिफायर आणि शेवटी आसनाखाली मावणारा ८ इंची ॲक्टिव्ह (स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला) सबवूफर. पहिल्या दोन गोष्टी एकाच दिवशी करून घ्याव्यात, कारण दाराचे पॅड दोनदा उघडले की त्याच्या क्लिपा सैल होतात आणि झणझणण्याचे नवे निमित्त तयार होते.

वेताळ टेकडी (कर्वेनगर)

ध्वनिवेध यांच्या दाराविषयीच्या मुद्द्यांशी मी पूर्ण सहमत आहे, पण क्रमाविषयी माझे मत वेगळे आहे. कंपनीच्या स्पीकरना जेवढी दूषणे दिली जातात तेवढे ते वाईट नसतात. अडचण अशी की अनेक नव्या गाड्यांचा डेक आवाज वाढत जाईल तसतसा खर्ज आपण होऊन कमी करतो, जेणेकरून स्वस्त स्पीकर फाटू नयेत. आपण उत्तम स्पीकर लावले तरी त्यांच्यापर्यंत हा कापलेलाच सिग्नल पोहोचणार. द्रुतगती मार्गावर आवाज वाढवला की डग्गा आणखी क्षीण होतो, याचे हेही एक कारण असू शकते. आवाज १० वर असताना आणि २५ वर असताना तबल्याची तीच लग्गी लावून पाहिली, तर उभ्या गाडीतसुद्धा हे ताडता येईल.

असे आढळले तर मी आधी डीएसपी अंगभूत असलेला चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर घेईन आणि स्पीकर नंतर बदलेन. बाणेरच्या स्टुडिओने ‘डीएसपीशिवाय काहीच नको’ असे म्हणणे ही अतिशयोक्ती असली, तरी त्यात तथ्य आहे. आपण उजवीकडे बसून गाडी चालवतो, त्यामुळे उजवा स्पीकर कानाला जवळ आणि डावा दूर असतो. हा फरक ४५ सेंटिमीटरचा धरला तर डाव्या बाजूचा आवाज सुमारे १.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्यानेही गायक समोर न बसता आपल्या उजव्या दारात जाऊन बसतो. डीएसपीत उजव्या बाजूला तेवढा विलंब दिला की तो पुन्हा मध्यभागी येतो. हा बदल कोणत्याही किमतीच्या स्पीकरने घडत नाही.

मात्र त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. चालकासाठी जुळवलेली वेळ शेजारी बसणाऱ्यासाठी उलटी पडते. कुटुंबाची गाडी असल्यामुळे एक जुळणी चालकासाठी आणि दुसरी सर्वांसाठी, अशा दोन सेव्ह करून घ्याव्यात.

मंद्रसप्तक (कोथरूड)

दोघांचेही मनापासून आभार. वेताळ टेकडी यांनी सांगितलेली चाचणी आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून पाहिली. आवाज वाढवल्यावर बाकी सर्व वाढले, पण डग्गा त्या प्रमाणात वाढला नाही, त्यामुळे आमचा डेक खर्ज कापत असावा असे दिसते.

त्यावरून दोन शंका. वरच्या व्हेरियंटची मूळ ध्वनियंत्रणाच सुटे भाग म्हणून मागवून बसवता येईल का? आणि ॲम्प्लिफायर लावल्यास वॉरंटीचे काय होते? सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले तर ‘बाहेरचे काही लावू नका’ एवढेच उत्तर मिळाले.

फ्युज आणि अर्थिंग (भोसरी)

मी वाहनांच्या वायरिंगच्याच व्यवसायात आहे, म्हणून या दोन शंकांपुरते लिहितो.

हॅरिअरच्या वरच्या व्हेरियंटमधील जेबीएल, एक्सयूव्ही ७०० मधील सोनी किंवा क्रेटा आणि सेल्टॉसमधील बोस या यंत्रणांमध्ये स्पीकरवरचे नाव हा केवळ दिसणारा भाग असतो. वेगळा ॲम्प्लिफायर, वेगळा हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि त्या गाडीच्या केबिनसाठी केलेली जुळणी हा खरा भाग आतमध्ये असतो. मधल्या व्हेरियंटच्या डेकमध्ये ते सॉफ्टवेअर बहुधा नसते. सुटे भाग गोळा करून तेवढेच पैसे लागतात आणि परिणाम अर्धवट राहतो. तो विचार सोडून द्यावा.

वॉरंटीबाबत व्यवहार असा आहे की बिघाड विद्युत यंत्रणेत झाला आणि तुमच्या हार्नेसवर चिकटपट्टीचे जोड दिसले, तर दावा नाकारण्यासाठी सर्व्हिस सेंटरला तेवढे कारण पुरते. म्हणून तुमच्या गाडीच्या डेकला बसणारा तयार टी-हार्नेस मागावा. त्यात कंपनीचे कपलर तसेच राहतात आणि मध्ये आपला कपलर बसतो. गाडी विकताना सर्व काढून पूर्ववत करता येते. ॲम्प्लिफायर हाय लेव्हल इनपुट घेणारा, म्हणजे स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल उचलणारा असावा, म्हणजे डेकला हात लावावा लागत नाही. एक गोष्ट दुकानातच तपासून घ्यावी: सीटबेल्टची, इंडिकेटरची आणि पार्किंग सेन्सरची टिकटिक काही गाड्यांमध्ये पुढच्या स्पीकरमधूनच येते. गाणे बंद असताना ॲम्प्लिफायर झोपून जात असेल तर ही सूचना तुम्हाला ऐकूच येणार नाही, आणि कोथरूडच्या अरुंद पार्किंगमध्ये ते महागात पडेल.

आता वायर. ३०० वॅट आरएमएसचा क्लास डी ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने चालतो असे धरले तर पूर्ण भारावर सुमारे २७ अँपिअर ओढतो, आणि आसनाखालच्या सबवूफरचे आणखी १२-१३ धरावेत. प्रत्यक्ष संगीतात सरासरी याहून खूपच कमी असते, पण वायर कमाल भारासाठी निवडायची असते. ४ गेजची शुद्ध तांब्याची वायर घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर त्याच जाडीची आणि निम्म्या किमतीची मिळते, पण ती तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश एवढाच प्रवाह सुखाने वाहते. एक तार ब्लेडने खरवडून पाहावी; आतून पांढरी निघाली की समजावे. तपकीर गल्लीत दोन्ही प्रकार मिळतात, मागताना स्पष्ट मागावे लागते.

मुख्य फ्युज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्प्लिफायरच्या संरक्षणासाठी नसतो, वायरच्या संरक्षणासाठी असतो; इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये शिरताना वायरचे आवरण पत्र्याच्या कडेवर घासले तर आग लागण्यापासून तोच वाचवतो. त्या भोकात रबरी ग्रोमेट (वायरीला पत्र्याची कड लागू न देणारी कडी) असल्याची खात्री समोर उभे राहून करावी. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर द्यावे, बॅटरीच्या ऋण टोकावर थेट देऊ नये, कारण नव्या गाड्यांत तिथे बॅटरीचा सेन्सर असतो आणि त्याला वगळून प्रवाह गेला की त्याचा हिशेब चुकतो. बॅटरीची वायर एका बाजूने आणि सिग्नलच्या वायरी दुसऱ्या बाजूने नेल्या तर एक्सलरेटरबरोबर चढत जाणारी ‘कुंई’ सहसा ऐकावी लागत नाही.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर यांना कोणीही हात लावता कामा नये. त्या एअरबॅगच्या असतात, आणि पुढच्या आसनाखाली, म्हणजे जिथे सबवूफर जाणार आहे तिथेच, त्या हमखास असतात. तुमच्या गाडीत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर खांबांच्या आतून वायर नेताना ती एअरबॅगच्या पुढून न नेता मागून नेली आहे की नाही, हे विचारावे. हा प्रश्न ऐकून जो कारागीर गोंधळेल त्याच्याकडे गाडी सोडू नये.

विम्याचेही सांगून ठेवतो. कंपनीने न बसवलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत नोंदवली नसतील तर चोरी किंवा अपघातात त्यांची भरपाई मिळत नाही. जुन्या मोटार टॅरिफनुसार त्यासाठी उपकरणांच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता ठरलेला होता, म्हणजे ४० हजारांच्या सामानाला १६०० रुपये आणि वर कर; आताचा दर आपल्या विमा कंपनीला विचारावा. पक्के बिल असेल तरच हे करता येते, म्हणून ‘बिलाशिवाय थोडे कमी करून देतो’ या गोड बोलण्याला भुलू नये.

ध्वनिवेध (सहकारनगर)

चाचणीचा निष्कर्ष पाहता मी माझा क्रम बदलतो. वेताळ टेकडी यांचे म्हणणे आपल्या गाडीला लागू पडते. पुढच्या दारांचे डॅम्पिंग आणि डीएसपी असलेला चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर आधी करावा. त्यातून पैसे उरले तर मध्यम किमतीचे कंपोनंट घ्यावेत, आणि सबवूफर पुढच्या दिवाळीवर ढकलला तरी चालेल. स्वतः आसनाखाली हात घालून जागा मोजून ठेवावी. मागच्यांच्या पायाशी येणारा एसीचा डक्ट तिथूनच जातो.

एका बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवावी. डॅम्पिंगमुळे दार शांत होते, काँक्रीटवरचा टायरचा घरघराट त्याने थांबत नाही. तो चाकांच्या कमानींतून आणि गाडीच्या तळपत्र्यातून येतो. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा कमी आवाजाचे टायर निवडणे हा त्यावरचा अधिक चांगला खर्च आहे. तसेच जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यगीते उत्तम ट्वीटरवर अधिक गोड लागतीलच असे नाही. तबकडीची खरखर आजवर ऐकू येत नव्हती, ती आता ऐकू येईल. त्या गाण्यांसाठी वरचे स्वर किंचित उतरवलेली आणखी एक जुळणी ठेवणे इष्ट.

मंद्रसप्तक (कोथरूड)

हे पटले. शेवटची एक शंका: आई-बाबा मधल्या रांगेत आणि मुले तिसऱ्या रांगेत असताना पुढचा आवाज तिथपर्यंत पोहोचावा, पण आमच्या कानाशी फार मोठा होऊ नये, यासाठी फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचे प्रमाण ठरवणारी सोय) कुठे ठेवावा?

वेताळ टेकडी (कर्वेनगर)

सर्वांसाठीच्या जुळणीत मागचे स्पीकर पुढच्यांपेक्षा ४ ते ६ डेसिबल खाली ठेवावेत आणि सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा भाग त्यांच्याकडे जाऊच देऊ नये. आपल्या डीएसपीत हे हाय पास फिल्टरने होते. त्यामुळे आई-बाबांच्या पायाशी धमधम होणार नाही आणि मुलांना शब्द स्पष्ट कळतील. डेकचा फेडर मध्यावरच ठेवावा, त्याला हात लावू नये, नाहीतर डीएसपीत केलेला सगळा हिशेब बिघडतो. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी त्याच दुकानाबाहेर बाबांना मधल्या रांगेत आणि मुलांना तिसऱ्या रांगेत बसवून जुळणी करून घ्यावी. रिकाम्या केबिनमध्ये केलेली जुळणी माणसे बसल्यावर बदलते, आणि पुन्हा आल्यावर दुकानदार तेवढा वेळ देईलच असे नाही.